युनकॅकची स्वयंमूल्यमापन प्रश्नावली: कायद्याची तपासणी चोख, स्त्रियांचा रकाना कोरा

भ्रष्टाचार रोखण्यासाठी आपण काय केले, काय राहिले, हे सरकारने स्वतः तपासून लिहून द्यायचे, यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी कराराची, म्हणजे युनकॅकची, एक सविस्तर प्रश्नावली आहे. ती पुरवते व्हिएन्नातले यूएनओडीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालय. प्रश्नावली, तिच्यासोबत मिळणारे प्रशिक्षण आणि ती भरण्याची ठरलेली पद्धत, या तिन्हींचे हे परीक्षण आहे. निकाल आधीच सांगतो. कायदे आणि संस्था तपासायला हे साधन उत्तम आहे, त्याला पैसे पडत नाहीत, आणि मन लावून भरले तर खात्याखात्यांमधल्या फटी उघड्या पडतात. मात्र जशी मिळते तशी भरली, तर लाचेचा फटका बाईला, दिव्यांगाला किंवा ऊसतोड मजुराला वेगळा बसतो का, हे तिच्यातून कळत नाही. तो भाग सरकारला स्वतः जोडावा लागतो आणि त्यासाठी अधिकाऱ्यांची तयारी लागते. बहुतेक सरकारे इथेच कमी पडतात.

करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ३१ ऑक्टोबर २००३ रोजी स्वीकारला आणि १४ डिसेंबर २००५ पासून तो लागू झाला. भारताने त्याला मे २०११ मध्ये मंजुरी दिली. सदस्य देश एकमेकांची तपासणी करतील, ही यंत्रणा २००९ मध्ये दोहा इथल्या परिषदेत ठरली. चिठ्ठ्या टाकून निवडलेले दोन देश तिसऱ्याची तपासणी करतात. त्यांतला एक त्याच प्रादेशिक गटातला असतो. पहिल्या फेरीत गुन्हे व तपास आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य ही प्रकरणे होती. २०१५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या फेरीत प्रतिबंधक उपाय आणि लुटलेली मालमत्ता परत मिळवणे ही प्रकरणे आली.

वेळापत्रक असे: तपासणी सुरू झाल्याचे अधिकृत पत्र मिळाल्यापासून तीन आठवड्यांत नोडल अधिकारी, म्हणजे सगळ्या खात्यांतला समन्वय पाहणारा अधिकारी, नेमायचा, दोन महिन्यांत उत्तरे द्यायची, मग सुमारे महिनाभर भाषांतराला आणि महिनाभर तज्ज्ञांच्या छाननीला. अख्खी तपासणी सहा महिन्यांत व्हावी अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात ती कित्येक वर्षे रेंगाळते. दुसरी फेरीही पाच वर्षांत आटोपली नाही, मुदत वाढवावी लागली. गंमत अशी की जिथे घाई नको तिथेच, म्हणजे उत्तरे गोळा करण्यात, दोन महिन्यांची घाई असते. दोन महिन्यांत तालुक्याच्या गावातल्या बायकांशी बोलून कोणी येत नाही. मंत्रालयातून मंत्रालयात पत्रे जातात आणि उत्तरे येतात. म्हणून ज्या सरकारला सर्वसमावेशक मूल्यमापन करायचे आहे त्याने पत्राची वाट न पाहता निदान सहा महिने आधी काम सुरू करावे. आपली पाळी साधारण कधी येणार, हे आधी कळलेले असते.

प्रश्नावलीची रचना मात्र दाद देण्यासारखी आहे. कराराचे एकेक कलम समोर येते आणि पहिला प्रश्न असतो: याची अंमलबजावणी झाली आहे का? उत्तरे तीन: होय, अंशतः, नाही. त्यानंतर लागू कायदे व उपाय नमूद करायचे, मग प्रत्यक्ष अंमलबजावणीची उदाहरणे, खटले, आकडेवारी द्यायची, आणि शेवटी अडचण काय व कोणती तांत्रिक मदत हवी ते लिहायचे. सुरुवातीपासून यासाठी ऑम्निबस नावाचे सॉफ्टवेअर दिले गेले. व्यवहारातली एक सूचना: दहा खात्यांना दहा प्रती पाठवल्या की कोणती ताजी हे कोणालाच कळेनासे होते. मूळ फाइल एकाच माणसाकडे ठेवावी आणि खात्यांकडून फक्त त्यांच्या कलमांची उत्तरे साध्या कागदावर मागवावीत.

सगळा कस लागतो तो उदाहरणांच्या रकान्यात. पहिल्या दोन रकान्यांत विधी विभागाचा कारकून कायद्याची कलमे उतरवून देऊ शकतो आणि बहुतेक ठिकाणी तेच होते. उदाहरणांचा रकाना खोटे बोलू देत नाही. तो रिकामा राहिला तर तपासणाऱ्या देशाचे तज्ज्ञ नेमके तिथेच बोट ठेवतात.

आता मुख्य उणीव. कराराची ७१ कलमे आहेत आणि त्यांत स्त्री-पुरुष भेदाचा स्वतंत्र उल्लेख नाही. प्रश्नावली कलमांना धरूनच चालते, त्यामुळे तिच्यातही तो नाही. जून २०२१ मध्ये आमसभेच्या भ्रष्टाचारविषयक विशेष अधिवेशनात सर्व देशांनी राजकीय जाहीरनामा स्वीकारला आणि भ्रष्टाचाराचा स्त्री-पुरुषांवर वेगवेगळा परिणाम कसा होतो हे समजून घेण्याची गरज मान्य केली. म्हणजे इच्छा नोंदली गेली, पण फॉर्म तोच राहिला.

याने काय बिघडते ते कलम १५ वरून नीट कळते. हे कलम सरकारी नोकराच्या लाचखोरीचे. त्यातला मुख्य शब्दप्रयोग ‘गैरवाजवी लाभ’ हा आहे. तो पैशाचाच असावा अशी अट नाही. भारताने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ मध्ये २०१८ साली दुरुस्ती केली तेव्हा हाच लाभ व्याख्येत आणला आणि तो पैशात मोजता येणाऱ्या गोष्टींपुरता मर्यादित नाही, हेही स्पष्ट केले. म्हणजे दाखल्यासाठी, पेन्शनसाठी, बदलीसाठी शरीरसुखाची मागणी करणारा अधिकारी व्याख्येत बसतो. प्रश्नावलीत ‘होय’ लिहायला हरकत नाही. पण प्रत्यक्षात काय होते?

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा आठवा. तक्रारदार आधी तक्रार देतो, मागणीची पडताळणी होते, नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावतात, दोन पंच सोबत असतात, रक्कम स्वीकारली की हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात आणि पाणी गुलाबी होते. पुराव्याची ही सगळी घडी नोटेभोवती बसवलेली आहे. मागणी शरीराची असेल तर पूड कशाला लावणार? ‘स्वीकारण्याच्या’ क्षणापर्यंत थांबणे तर अमानुषच. म्हणून इथे मागणी हाच गुन्हा धरून तिचे रेकॉर्डिंग, संदेश, फाइल अडवून ठेवल्याच्या तारखा आणि परिस्थितीजन्य पुरावा यांवर तपास उभा करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नीरज दत्ता प्रकरणात डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले की तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला तरी मागणी आणि स्वीकार परिस्थितीजन्य पुराव्याने सिद्ध होऊ शकतात. तपास अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात हा निकाल शिकवलाच पाहिजे, कारण अशा प्रकरणात तक्रारदारावर घरातून आणि कार्यालयातून एकाच वेळी दबाव येतो.

याहून गंभीर अडचण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरला. सक्तीने द्यावी लागली असेल तर सूट आहे, पण सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवण्याची अट घालून. जिच्याकडून अधिकाऱ्याने शरीराची लाच वसूल केली ती बाई आठव्या दिवशी बोलली तर? कायद्याचे शब्द जसेच्या तसे वाचले तर ती ‘लाभ देणारी’ ठरू शकते. अशा घटनेतून सावरून सात दिवसांत पोलीस ठाण्याची पायरी चढणे किती जणींना जमेल? भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळाचे कलम ७५ आहे, अधिकारपदाचा गैरवापर करून संबंध ठेवण्याचे कलम ६८ आहे. पण दुसरे कलम ताब्यातल्या, अखत्यारीतल्या किंवा त्या आवारातल्या स्त्रीपुरतेच आहे. जम्मू-काश्मीरने डिसेंबर २०१८ मध्ये तेव्हा तिथे लागू असलेल्या रणबीर दंडसंहितेत कलम ३५४-ई घालून या प्रकाराला स्वतंत्र गुन्हा केले आणि त्याबरोबर तिथल्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यातही बदल केला. पुढच्या वर्षी राज्याची पुनर्रचना झाली आणि ती दंडसंहिताच संपली.

युनकॅकच्या कलम १५ च्या उत्तरात हे सगळे यायला हवे. त्यासाठी जोडप्रश्न असे असावेत: पैशाऐवजी शरीरसुख मागितल्याच्या किती तक्रारी आल्या, कोणत्या कायद्याखाली नोंदल्या, लाचलुचपत विभागाकडे गेल्या की लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या कार्यालयातल्या अंतर्गत समितीकडे, आणि तक्रारदारावर लाच दिल्याचा ठपका आला का? हे चार प्रश्न विचारले की उत्तर ‘होय’ वरून प्रामाणिकपणे ‘अंशतः’ वर येते, आणि तांत्रिक मदतीच्या रकान्यात मागण्यासारखे काही सापडते.

अंतर्गत समितीचा उल्लेख मुद्दाम केला. २०१३ च्या कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखाली तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. समितीसमोर प्रकरण छळ म्हणून येते. त्याच्या बदल्यात कोणते सरकारी काम अडवले होते, हे समिती बहुधा नोंदत नाही. उलट लाचलुचपत विभागात गेले तर ‘हे आमच्याकडे कसे?’ असा प्रश्न येतो. दोन दारांमध्ये प्रकरण हरवते. समितीच्या नोंदवहीत ‘सरकारी कामाच्या बदल्यात मागणी होती का’ असा एक रकाना वाढवला आणि ‘हो’ असेल तर तक्रारदाराच्या लेखी संमतीने प्रकरण पुढे पाठवले, तर ही फट बुजते. याला कायदा बदलावा लागत नाही, परिपत्रक पुरते.

आकडेवारीत तर चुकांची रेलचेल आहे. सर्वांत नेहमीची चूक छेदाची, म्हणजे टक्केवारी किती जणांतून काढायची याची. समजा १,००० पुरुष आणि १,००० स्त्रियांना विचारले. १२० पुरुषांनी आणि ६० स्त्रियांनी लाच दिल्याचे सांगितले. पुरुष १२ टक्के, स्त्रिया ६ टक्के. बायकांना त्रास निम्माच, असा निष्कर्ष काढून अधिकारी मोकळे होतात. पण त्या वर्षात सरकारी कचेरीत ६०० पुरुष गेले असतील आणि स्त्रिया फक्त २५०, तर खरे प्रमाण पुरुषांचे २० टक्के आणि स्त्रियांचे २४ टक्के. आकडे इथे कल्पित आहेत, पण हिशेब हाच. नायजेरियात यूएनओडीसी आणि तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने घरोघरी केलेल्या सर्वेक्षणांत छेद असाच धरला आहे: मागच्या १२ महिन्यांत ज्यांचा सरकारी नोकराशी संबंध आला तेवढ्यांतच प्रमाण काढायचे. २०१६ मध्ये ते ३२.३ टक्के निघाले, २०१९ मध्ये ३०.२. आपल्या देशाने स्वतःचे सर्वेक्षण करायचे तर हा नमुना घ्यावा.

त्यातही आपल्याकडचे एक वळण ध्यानात ठेवावे लागते. काम बाईचे असते, कचेरीत जातो नवरा, भाऊ किंवा एजंट. पैसे बचत गटाच्या कर्जातून जातात आणि सर्वेक्षणात लाच देणारा पुरुष म्हणून नोंदला जातो. म्हणून ‘तुम्ही लाच दिलीत का’ याच्या आधी ‘काम कोणाचे होते, गेले कोण, पैसे कोणाचे’ हे तीन प्रश्न हवेत. मागणी पैशाची, वस्तूची, श्रमाची की शरीराची, हेही वेगळे विचारावे. शेवटचा प्रश्न मुलाखत घेणाऱ्या बाईनेच, घरातले कोणी आसपास नसताना विचारावा, आणि मदतीसाठीचा फोन नंबर हातात ठेवूनच विचारावा. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या भ्रष्टाचारविरोधी जागतिक संस्थेच्या २०१९ च्या लॅटिन अमेरिकेतल्या पाहणीत पाचातल्या एकाने आणि २०२० च्या आशियातल्या पाहणीत सातातल्या एकाने अशी मागणी स्वतःला झाल्याचे किंवा ओळखीतल्या कोणाला झाल्याचे सांगितले. आकडा डोळे उघडणारा आहे, पण ‘स्वतः किंवा ओळखीतले’ अशा प्रश्नातून नेमके प्रमाण निघत नाही. तो आकडा त्या रूपात उत्तरात टाकू नये.

सर्वेक्षणाला पैसा नसेल तर हाताशी असलेल्या नोंदींपासून सुरुवात करावी. महाराष्ट्राचा लाचलुचपत विभाग खातेनिहाय आणि वर्गनिहाय सापळ्यांची आकडेवारी देतो, १०६४ या क्रमांकावर तक्रारी घेतो. लोकसेवा हक्क कायदा, २०१५ खाली कोणती सेवा किती दिवसांत द्यायची हे अधिसूचित आहे आणि अपिलांच्या तीन पायऱ्या आहेत, अखेरची आयोगाकडे. या सगळ्या नोंदींत अर्जदार स्त्री, पुरुष की तृतीयपंथी, दिव्यांग आहे का, अर्ज स्वतः केला की दुसऱ्यामार्फत, एवढे तीन रकाने असले तरी पुढच्या मूल्यमापनाला पाया मिळतो. मात्र तालुकानिहाय फोड करताना एखाद्या गटात दोन-चारच नावे असतील तर तो आकडा छापू नये. गावात कोणी तक्रार केली हे ओळखायला तेवढे पुरते.

सल्लामसलतीबद्दल तपासणीचे नियम चांगले आहेत: उत्तरे तयार करताना खासगी क्षेत्र आणि सरकारबाहेरच्या व्यक्ती व गटांशी व्यापक चर्चा करण्याचा प्रयत्न करावा, असे त्यांत म्हटले आहे. पण बंधन नाही, म्हणून राजधानीतल्या हॉटेलात एक दिवसाची बैठक होते, नेहमीच्या संस्था येतात आणि मसुदा इंग्रजीत आदल्या रात्री मिळतो. उत्तरे संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांपैकी एकीत द्यायची असतात. त्यांत ना हिंदी आहे ना मराठी. त्यामुळे ज्यांना प्रश्न माहीत आहे त्यांच्यापर्यंत मसुदा पोचतच नाही. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, घरकामगार, निराधार पेन्शन घेणाऱ्या बायका यांना बोलवायचे तर बैठक तालुक्याच्या ठिकाणी, कामाची वेळ सोडून, बुडालेल्या रोजाचे पैसे आणि प्रवासखर्च देऊन घ्यावी. आधी फक्त स्त्रियांची बैठक, मग एकत्र. त्यांनी सांगितलेले लिहून त्यांनाच वाचून दाखवावे, आणि शेवटी कोणता मुद्दा उत्तरात घेतला, कोणता नाही व का, याचा तक्ता परत पाठवावा. हा शेवटचा भाग जवळपास सगळीकडे गाळला जातो, आणि पुढच्या वेळी बायका येत नाहीत.

हे आपल्याला नवे नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात कलम १७ खाली ग्रामसभेने सामाजिक अंकेक्षण करायची तरतूद केली गेली. हजेरीपट वाचून दाखवणे, काम प्रत्यक्ष मोजणे, मजुरी खात्यात आली का हे विचारणे, ही रीत युनकॅकच्या कलम १०, माहितीच्या पारदर्शकतेला आणि कलम १३, लोकसहभागाला जशीच्या तशी उदाहरण म्हणून देता येते. कोणत्या जिल्ह्यात ती नुसती कागदावर उरली तेही लिहावे.

कलम ७, म्हणजे नोकरभरती आणि पदे, याला बहुतेक देश महिला आरक्षणाची टक्केवारी जोडून विषय संपवतात. २००१ च्या सुमारास, स्त्रिया जास्त असलेल्या सरकारांत भ्रष्टाचार कमी आढळतो असे सांगणारे संशोधन खूप गाजले. त्याचा खरा धागा खुल्या, उत्तरदायी व्यवस्थेत आहे, अशी मांडणी पुढच्या अभ्यासांनी केली. बायका मुळातच प्रामाणिक म्हणून त्यांना बसवा, हा युक्तिवाद प्रशिक्षणातून कायमचा काढून टाकायला हवा. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. सरपंच बाई, सही तिची, व्यवहार नवऱ्याचा, आणि चौकशी लागली की नोटीस तिच्या नावे, हे चित्र गावोगाव ओळखीचे आहे. लिंगभाव जाणणारे मूल्यमापन इथे विचारेल: सरपंच झालेल्या स्त्रीला खरेदी, निविदा, धनादेश यांचे प्रशिक्षण पहिल्या तीन महिन्यांत मिळाले का, आणि सभेत तिच्या जागी दुसरे कोणी बसले तर ग्रामसेवक ते नोंदतो का?

कलम ३३, तक्रार करणाऱ्याचे संरक्षण. भारतात यासाठीचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण लागू करण्याची अधिसूचना निघालेली नाही. इथे ‘होय’ लिहिण्याचा मोह टाळावा.

राहता राहिले प्रशिक्षण. यूएनओडीसी नोडल अधिकाऱ्यांना आणि तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना शिकवते. कराराचा मजकूर, तपासणीची पद्धत आणि प्रश्नावली कशी भरायची हे व्यवस्थित समजते. लिंगभावाचे सत्र असले तर सहसा शेवटी आणि सर्वसाधारण बोलण्याचे. सरकारने आयोजकांकडे याऐवजी ठाम मागणी करावी: प्रत्येक चमूने आपल्या देशाच्या एकाच कलमाचे लिहिलेले उत्तर घेऊन यायचे, आणि तेच तिथे सोलून निघाले पाहिजे. चमूत विधी अधिकाऱ्याबरोबर सांख्यिकी विभागाचा माणूस, लाचलुचपत विभागाचा तपास अधिकारी आणि महिला आयोगाची प्रतिनिधी हवी. एकटा नोडल अधिकारी शिकून आला तर परतल्यावर त्याचे ऐकायला कोणी नसते. बदल्यांचाही हिशेब हवा. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदली कायद्यानुसार एका पदावर साधारण तीन वर्षे. तपासणी त्याहून लांबते. उपनोडल अधिकारी पहिल्या दिवसापासून नेमावा आणि प्रत्येक उत्तराचा आधार कोणत्या फाइलमध्ये आहे याची नोंद फाइलीला लावून ठेवावी, नाहीतर दोन वर्षांनी तज्ज्ञ विचारतात तेव्हा उत्तर लिहिणाराच सापडत नाही.

घ्यावे की नाही? सदस्य देशाला पर्याय नाही, भरावेच लागते. राज्य सरकार, महानगरपालिका किंवा एखादे महामंडळ स्वतःहून वापरू इच्छित असेल तर अख्खी प्रश्नावली उचलू नये. कलमे ७, ८ (आचारसंहिता), ९ (सरकारी खरेदी), १०, १३ आणि ३३ पुरेशी आहेत. त्यांना वरचे जोडप्रश्न लावावेत, एकच सेवा निवडावी, उदाहरणार्थ निराधार पेन्शन किंवा प्रसूती रुग्णालय, आणि सहा महिन्यांत पूर्ण करावे.

प्रकाशनाबाबत शेवटची गोष्ट. नियमाप्रमाणे फक्त कार्यकारी सारांश जाहीर होतो. संपूर्ण अहवाल आणि स्वयंमूल्यमापनाची उत्तरे जाहीर करायची की नाही हे त्या देशाच्या मर्जीवर असते. सारांश इतका आटोपशीर असतो की जोडप्रश्नांची उत्तरे त्यात मावत नाहीत. त्यामुळे उत्तरे पाठवली त्याच दिवशी, तक्रारदारांची ओळख पटेल असा मजकूर काढून, ती सगळी लोकांच्या भाषेत संकेतस्थळावर टाकण्याचा निर्णय काम सुरू करतानाच लेखी घ्यावा. काम संपल्यावर तो कोणी घेत नाही.